कुऱ्हाडीचे वतन



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते त्यांच्यापाशी मी अवघी तीन वर्षे शिकलो, आणि त्यांनी सांगितलेल्या व्याकरणापैकी किती माझ्यापाशी उरले आहे हे माझे वाचक जाणतातच. परंतु बोरू कसा कापावा ही जी विद्या त्यांनी मला शिकविली, किंवा खरे म्हणजे न शिकविता नुसती पाहू दिली, ती मात्र या वयातही हात विसरलेला नाही. पहिले वर्षभर चाकूला स्पर्श करण्याची मुभा नव्हती. ते कापीत आणि मी शेजारी बसून पाहत असे. टोकाचा कोन किती अंशांचा घ्यावा असे मी एकदा मोठ्या हुशारीने विचारले, तेव्हा उत्तरादाखल त्यांनी नुकताच कापलेला बोरू माझ्या तळहातावर ठेवला आणि दुसरा कापावयास घेतला. चाकू मिळाला तो दुसऱ्या वर्षी, आणि तोही त्यांच्या डोळ्यांसमोर वापरण्यापुरता. त्या वेळी हा मला निव्वळ छळ वाटे. आजचा विषय मनात घोळू लागल्यापासून मात्र चाकू हाती येण्यापूर्वीचे ते वर्ष मला वारंवार आठवत आहे.

विषय दूरचा आहे. ऑस्ट्रेलिया खंडातील मूळ रहिवाशांच्या हत्यारे घडविण्याच्या विद्येविषयी, आणि त्याहूनही अधिक, ती विद्या एका पिढीच्या हातून दुसरीच्या हाती कशी जाते, मध्येच कशी तुटते आणि तुटल्यावर पुन्हा कशी जोडली जाते याविषयी मी बोलणार आहे. मुलाच्या नोकरीनिमित्ताने मला मेलबर्न शहरी दीर्घकाळ राहण्याचा योग आला, एवढाच माझा या विषयाशी संबंध. तेव्हा मी अधिकारवाणीने बोलतो आहे असा कोणाचा समज झाला तर तो आताच दूर केलेला बरा. आणखी एक गोष्ट. तिकडील अनेक समाजांत मृत व्यक्तीचे नाव उच्चारणे दुःखद आणि अनुचित मानतात, आणि तसे नाव येणार असेल तर वक्त्याने पूर्वसूचना द्यावी असा तेथे आता शिष्टाचार आहे. माझ्या व्याख्यानात अशी नावे येतील. श्रोत्यांत तिकडचे कोणी बसलेले असण्याचा संभव नाही, तरी शिष्टाचार हा पाहणारा कोणी नसतानाच अधिक पाळावयाचा असतो.

आमच्या लहानपणीच्या क्रमिक पुस्तकांत या लोकांचे वर्णन 'आजही अश्मयुगात वावरणारे' अशा शब्दांत केलेले असे, आणि ते वाचताना आमची छाती उगाच दोन बोटे फुगत असे. 'हे लोक' या शब्दप्रयोगातच पहिली चूक होती. १७८८ साली इंग्रजांची पहिली वसाहत तेथे उभी राहिली तेव्हा त्या खंडात अडीचशेहून अधिक भाषा नांदत होत्या, आणि प्रत्येक भाषेचा मुलूख, कायदा व कथा निराळ्या होत्या. दुसरी चूक 'अश्मयुग' या शब्दाची. उत्तरेकडील मिरार लोकांच्या प्रदेशात माजेडबेबे नावाचा एक शैलाश्रय आहे; तेथील उत्खननावरून काही पुरातत्त्वज्ञ तेथील मानवी वस्ती सुमारे ६५,००० वर्षांपूर्वीची मानतात आणि काही त्याहून पुष्कळच अलीकडची मानतात; परंतु घासून धार लावलेल्या दगडी कुऱ्हाडी त्या खंडात, इतरत्र नवाश्मयुगाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काळाच्या कितीतरी सहस्रके आधी अस्तित्वात होत्या, याविषयी दुमत नाही. युरोपच्या मोजपट्टीने आखलेली युगे तेथे जुळतच नाहीत. पण कालगणनेचा हा वाद मी येथेच सोडतो, कारण माझे लक्ष दगडाच्या वयाकडे नसून त्याच्या वहिवाटीकडे आहे.

मेलबर्नच्या उत्तरेस, लान्सफील्ड नावाच्या गावाजवळ, एका डोंगरउतारावर हिरवट झाक असलेल्या अत्यंत कठीण दगडाची एक पुरातन खाण आहे. इंग्रजी नकाशात तिला माउंट विल्यम म्हणतात. तेथील वुरुंजेरी लोकांच्या भाषेत तिचे नाव विल-इम-ई मूर-रिंग असे आहे. शेकडो खड्डे, त्यांच्याभोवती दगड फोडताना उडालेल्या कपच्यांचे ढीग, आणि त्या ढिगांवर उगवलेले गवत एवढेच आज तेथे आहे. येथे दगड केवळ फोडून ढोबळ आकाराचा केला जाई. पुढे वालुकाश्माच्या शिळेवर पाणी शिंपडीत, तासन् तास घासून त्याला धार आणावयाची, मग लवचीक लाकडाची काठी उष्णतेने वाकवून त्याच्याभोवती वळवावयाची आणि राळ व तात यांनी ती आवळावयाची, म्हणजे कुऱ्हाड सिद्ध होई.

ही खाण कोणाची होती? मालकी या शब्दाने या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, असे मला फार उशिरा उमगले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्फ्रेड हॉवित नावाच्या अधिकाऱ्याने वुरुंजेरींचे वडीलधारे विल्यम बराक यांच्याकडून जी माहिती टिपून घेतली, तीवरून असे दिसते की खाणीचा अधिकार बिलिबेलरी या प्रमुखाच्या घराण्याकडे होता आणि त्याच्या गैरहजेरीत तो नात्यातील माणूस चालवीत असे. ज्याला दगड हवा असेल त्याने प्रथम निरोप्या पाठवावा, मोबदल्यात काय आणणार ते कळवावे (पॉसम नावाच्या वृक्षवासी प्राण्याच्या कातड्यांची पांघरुणे हा त्यातला मानाचा जिन्नस), मग यावे, खाणीपासून अंतर राखून मुक्काम करावा, आणि बिलिबेलरीने दगड फोडून दिला म्हणजे तो घेऊन जावे. यात हक्क आहे, तसे कर्तव्यही आहे. कारण मागणाऱ्याला विन्मुख पाठविण्याची त्याला मोकळीक नसावी असे एकंदर व्यवहारावरून वाटते. आपल्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द आहे, आणि तो संस्कृतातून आलेला नाही, फारसी दप्तरातून आलेला आहे: वतन. गावच्या कुलकर्ण्याला किंवा सुताराला वतन असे म्हणजे जमिनीचा तुकडा असे, एवढाच अर्थ नव्हे. गावाचे काही काम करण्याचे त्याच्यावर बंधन असे, आणि ते काम दुसऱ्या कोणी केले तर तो त्याच्या हक्काचा भंग असे. बिलिबेलरीकडे कुऱ्हाडीचे वतन होते. वतनदारीने आमच्याकडे जे भाऊबंदकीचे आणि जातिभेदाचे विष पेरले ते मी विसरलेलो नाही, आणि शब्द उसना घेताना त्याचे पाप तिकडे पोहोचविण्याचा माझा हेतू नाही.

या वतनाचा एक तंटा बराकने सांगितला आहे. पश्चिमेकडील वाथाउरुंग लोकांपैकी कोणी तरुणांनी न विचारता दगड नेला. वुरुंजेरींनी निरोप्या धाडला. दोन्ही पक्ष वेरिबी नदीपाशी, म्हणजे उभयतांच्या सरहद्दीवर, जमले. वाथाउरुंगांच्या प्रमुखाने कबूल केले की आमच्या पोरांजवळ कुऱ्हाडी नव्हत्या म्हणून त्यांनी असे केले, पुन्हा करणार नाहीत. तंटा मिटला. एका दगडासाठी दोन राष्ट्रांची बैठक भरते, आणि तीत दगडाच्या किमतीचा प्रश्न येतच नाही, प्रश्न येतो तो न विचारण्याचा. इझाबेल मॅकब्राइड या विदुषीने पुढे सूक्ष्मदर्शकाखाली दगडाची जात ओळखून या खाणीच्या कुऱ्हाडी कोठवर पोहोचल्या ते नकाशावर मांडले, तेव्हा ध्यानात आले की उत्तरेस व पश्चिमेस शेकडो मैल दूर त्या सापडतात, पण आग्नेयेकडील गिप्सलँडच्या कुर्नाई मुलखात, जो तुलनेने जवळ आहे, त्या जवळजवळ नाहीतच; कारण कुर्नाईंशी वैर होते. दगड अंतर मोजून प्रवास करीत नव्हता. सोयरीक जेथवर, तेथवर जात होता.

१८३५ च्या जून महिन्यात जॉन बॅटमन हा वसाहतवाला त्या मुलखात उतरला आणि वुरुंजेरींच्या वडीलधाऱ्यांशी त्याने एक तहनामा केला. सध्या मेलबर्न वसले आहे तेथील लक्षावधी एकर जमिनीच्या बदल्यात घोंगड्या, सुऱ्या, आरसे, पीठ आणि लोखंडी कुऱ्हाडी देण्याचे त्यात लिहिले होते. त्यावर ज्यांच्या खुणा आहेत त्यांत बिलिबेलरी एक. त्या प्रसंगी अकरा-बारा वर्षांचा बराक तेथे हजर होता, असे तो पुढे सांगत असे. वसाहतीच्या गव्हर्नराने दोनच महिन्यांत हा तहनामा रद्दबातल ठरविला, आणि रद्द करण्याचे कारण असे की जमीन या लोकांची नव्हतीच, ती राजाची होती. म्हणजे तहनामा अन्यायाचा होता आणि तो रद्द करण्याचे कारण त्याहून अन्यायाचे. मला मात्र त्या यादीतील कुऱ्हाडी सोडवत नाहीत. ज्याच्या घराण्याने अर्ध्या प्रांताला कुऱ्हाडी पुरविल्या त्या वतनदाराच्या हाती कुऱ्हाडीच मोबदला म्हणून ठेवल्या जातात, आणि त्या घेताना त्याच्या खाणीचे महत्त्व त्याच क्षणी संपुष्टात येते. बिलिबेलरी १८४६ साली वारला.

लोखंडी पाते दगडी पात्याहून सरस आहे, तेव्हा यात हळहळण्यासारखे काय, असे कोणी विचारील. विचारणाऱ्याने उत्तरेकडील केप यॉर्क द्वीपकल्पातल्या यिर योरोंट लोकांची हकीकत ऐकावी. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ लॉरिस्टन शार्प १९३०-४० च्या दशकात त्यांच्यात राहिला आणि १९५२ साली त्याने तिजवर जो निबंध लिहिला तो आजही विद्यापीठांत वाचला जातो. यिर योरोंटांचा मुलूख समुद्रकाठी, गाळाच्या सपाट जमिनीचा; तेथे कुऱ्हाडीजोगा दगड नाही. तो चारशे मैल दक्षिणेकडील खाणींतून, हातोहात, देवघेवीच्या साखळीने येई, आणि त्याच्या बदल्यात इकडून पाकट माशाच्या शेपटीचा दंतुर काटा बसविलेले भाले जात. समुद्रकाठी एका पात्यासाठी असे डझनभर भाले द्यावे लागत. दीडशे मैल आत गेले की एका भाल्याला एक पाते मिळे. हा व्यवहार वर्षातून एकदा, कोरड्या ऋतूतील मोठ्या मेळाव्यांच्या वेळी होई, आणि प्रत्येक पुरुषाचा दुसऱ्या टोळीत एक ठरलेला व्यवहारसोबती असे.

कुऱ्हाड घडविण्याचा आणि बाळगण्याचा अधिकार प्रौढ पुरुषांचा. प्रत्यक्षात तिचा सर्वांत अधिक वापर करीत बायका, कारण सरपण फोडण्याचे काम त्यांचे; परंतु बाईला ती नवऱ्याकडून किंवा थोरल्या भावाकडून मागून घ्यावी लागे, पोराला बापाकडून, आणि काम होताच जशीच्या तशी परत करावी लागे. दिवसातून अनेक वेळा होणाऱ्या या मागण्या-देण्यात कोण कोणाचा कोण हे सतत उजळत असे. ती कुऱ्हाड एका विशिष्ट कुळाचे दैवतचिन्ह होती; तिच्या उत्पत्तीची कथा त्या कुळाकडे होती. मग १९१५ साली मिशनरी आले. त्यांनी सद्भावनेने, जो चांगला वागेल त्याला, बाई असो की पोर असो, पोलादी कुऱ्हाडी वाटल्या. गंमत अशी झाली, आणि गंमत हा शब्द मी जपून वापरतो, की पांढऱ्या केसांच्या पुरुषांना आता बायकापोरांकडे जाऊन कुऱ्हाड मागण्याची पाळी आली. वर्षातून एकदाचे मेळावे निरर्थक झाले, कारण आणावयाचा दगडच उरला नाही. आणि पोलादाची उत्पत्तिकथा कोणत्याच कुळाकडे नसल्यामुळे कथांच्या त्या घट्ट विणलेल्या घोंगडीत एक छिद्र पडले ते कोणालाच बुजविता येईना. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही आपल्याकडील म्हण लाकडी दांड्याविषयी आहे. तेथे पातेच गोतास काळ झाले.

मला त्या म्हाताऱ्यांचा कैवार घ्यावयाचा नाही. एखाद्या यिर योरोंट बाईला स्वतःची कुऱ्हाड प्रथमच हाती आली तेव्हा काय वाटले असेल, हे शार्पने पुरेसे विचारले नाही असे मला त्याचा निबंध वाचताना राहून राहून वाटले. पण एवढे निश्चित की मिशनऱ्यांनी त्यांना एक वस्तू दिली आणि नकळत शंभर नाती मोडली. आणि ज्यांनी ती दिली त्यांच्या हिशेबी केवळ वस्तूच होती, तीही खर्चाच्या बाजूला मांडलेली.

एक गैरसमज मात्र येथेच दूर करावयास हवा. जुने धरून बसणारे, नवे नाकारणारे असे हे कारागीर मुळीच नव्हते. १८७२ साली खंडाच्या दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत तारायंत्राची तार टाकली गेली, तेव्हा खांबांवरील चिनी मातीचे पांढरे चिमणीएवढे रोधक गायब होऊ लागले. वायव्येकडील किम्बर्ली प्रांतात भाल्याची टोके करण्याची अतिशय नाजूक रीत होती: दगडाच्या पातळ तुकड्याच्या कडेवर हाडाच्या किंवा लाकडाच्या टोकाने दाब देत देत बारीक कपच्या उडवीत, करवतीसारखी दंतुर कडा असलेले पानाच्या आकाराचे टोक सिद्ध करावयाचे. चिनी माती आणि बाटलीची काच या कामाला दगडाहून अनुकूल निघाली. हिरव्या, तपकिरी बाटल्यांच्या काचेची ही टोके आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत, आणि उजेडापुढे धरली असता ती एखाद्या जवाहिऱ्याच्या पेटीतील वाटतात. वस्तू नवी आली तर हात तिला आपली रीत शिकवीत होते. फक्त हातांना त्यांचा अधिकार शिल्लक असावा लागे.

मध्य ऑस्ट्रेलियात, उलुरूच्या भोवतालच्या वाळवंटी प्रदेशात, तो अधिकार बऱ्याच अंशी शिल्लक राहिला. पिट्जंट्जट्जारा भाषा बोलणारे लोक मल्गा नावाच्या झाडाच्या लाकडापासून 'मिरू' करतात. मल्गा हे बाभळीच्याच कुळातले. आपली बाभूळ आणि ती एकाच शास्त्रीय नावाखाली नांदत असत, पण २००५ साली वनस्पतिशास्त्रज्ञांच्या परिषदेने ते नाव ऑस्ट्रेलियाकडे ठेवून आपल्या बाभळीला निराळे नाव दिले, आणि २०११ साली मेलबर्नच्याच परिषदेत त्यावर शिक्कामोर्तब झाले. बाभळीला त्याची खबरही नसावी. मिरू म्हणजे भाला फेकताना हाताची लांबी वाढविणारी, पानाच्या आकाराची, मध्यभागी किंचित खोलगट फळी. जिवंत झाडाच्या बुंध्यातून ती अशा बेताने काढावयाची की झाड मरू नये. एका टोकाला भाल्याचे बूड अडकविण्यासाठी लहानशी खुंटी, कांगारूच्या स्नायूंच्या ओल्या तातेने आवळलेली, म्हणजे वाळताना ती आणखी घट्ट बसते. दुसऱ्या टोकाला स्पिनिफेक्स नावाच्या काटेरी गवतापासून झोडून, पाखडून, तापवून काढलेल्या राळेत धारदार दगडी कपची बसविलेली, म्हणजे तेच टोक तासणीचे काम करते. त्याच्या खोलगट पोटात रंग कालवितात. त्याची कडा कोरड्या लाकडावर घासून विस्तव पाडतात. वाळवंटात पायी चालणाऱ्या माणसाने जवळ बाळगावयाचे हत्यार एकच, आणि त्यात चार हत्यारे दडलेली. भाल्यासाठी एका रानवेलीची लांब कांडी विस्तवावर धरून हाताने आणि दातांनी सरळ करावयाची असते, आणि ती सरळ झाली की नाही हे डोळा मिटून तिच्यावरून नजर टाकणाऱ्यालाच कळते.

लाकूडकामाला तेथे 'पुनू' म्हणतात, आणि त्या कारागिरांनी १९८४ साली मारुकू नावाची स्वतःची संस्था स्थापन केली; पुरुष मिरू आणि भाले करतात, बायका 'पिती' हे लाकडी पात्र आणि 'वाना' हे खणावयाचे काष्ठ करतात व तापलेल्या तारेने त्यांवर नक्षी जाळतात. त्या नक्षीच्या कथा 'चुकुर्पा' या त्यांच्या आदिकायद्यात मोडतात, आणि पर्यटकाला त्यांतील वरचा थर तेवढा सांगितला जातो. आतले थर वयाप्रमाणे, दीक्षेप्रमाणे, स्त्री की पुरुष याप्रमाणे उलगडतात. माझ्यासारख्या छापील विद्येच्या माणसाला प्रथम ही लपवाछपवी वाटली. आम्ही ज्ञान म्हणजे सर्वांसाठी उघडी पेठ असे मानतो, निदान तसे म्हणतो. मग गुरुजींचा चाकू आठवला.

आता ज्या बाईंमुळे हे व्याख्यान लिहावे असे मला वाटले, त्यांच्याकडे वळतो. कॉनी हार्ट या व्हिक्टोरिया प्रांताच्या नैर्ऋत्येकडील गुंडिचमारा समाजातल्या, १९१७ साली जन्मलेल्या. त्यांच्या पूर्वजांनी लेक काँडाह परिसरातील ज्वालामुखीच्या दगडांतून पाट आणि बांध घालून वाम मासे पाळण्याची व पकडण्याची एक व्यवस्था उभी केली होती. तिचे वय ६,६०० वर्षे निघाले आणि २०१९ साली युनेस्कोने बुज बिम या नावाने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्या पाटांच्या तोंडाशी गवताच्या, निमुळत्या होत जाणाऱ्या लांब टोपल्या लावीत. टोपल्या विणणाऱ्या बायका. कॉनीची आई विणी, पण मुलीला शिकवीत नसे. आता आपण गोऱ्यांच्या रीतीने राहावयाचे आहे, हे जुने तुमच्या काय उपयोगाचे, असे तिचे म्हणणे. म्हातारी माणसे बसलेली असत तेथे जाऊन काही विचारले तर 'जा, खेळायला जा' असे सांगून ती मुलीला वाटेला लावीत. मिशनच्या आमदनीत जुनी रीत दिसली तर मुले घरातून काढून नेली जात, हे त्या आईने पाहिले असणार. तिच्या नकारात रागापेक्षा भय अधिक होते.

कॉनीने काय केले? आई टोपली खाली ठेवून बाहेर गेली की ती उचलावी, चार टाके घालावेत, पावले ऐकू आली की घाईने टाकून पळावे. पुढे त्यांनी स्वतःच हे हसत हसत सांगितले आहे. अशा चोरलेल्या टाक्यांवर त्यांनी आयुष्य काढले, आणि आई गेल्यावर, वयाची साठी उलटल्यावर, प्रथमच उघडपणे एक संपूर्ण टोपली विणली. हातांना सगळे आठवत होते. पुढे त्यांनी इतर बायकांना शिकविले. १९९३ साली त्या वारल्या तेव्हा त्यांच्या टोपल्या संग्रहालयांत पोहोचल्या होत्या आणि, माझ्या मते अधिक महत्त्वाचे म्हणजे, दुसऱ्यांच्या बोटांत पोहोचल्या होत्या.

येथे श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या मनात एकलव्य आला असेल. माझ्याही आला होता, आणि मी त्याला परत पाठविला. द्रोणाने विद्या नाकारली ती शिष्य हलका मानून. या आईने नाकारली ती मुलगी मोलाची मानून. शिवाय एकलव्याने अंगठा दिला, आणि येथे नेमका अंगठाच वाचला.

चोरण्यासाठी तरी आईची टोपली समोर असावी लागते. जेथे तीही नाही तेथे काय करावे? दक्षिणेकडील थंडीत पॉसमची कातडी शिवून केलेले पांघरूण हा प्रत्येकाचा जन्माचा सोबती असे: मूल जन्मले की थोड्या कातड्यांचे लहानसे पांघरूण, मूल वाढेल तशी त्यात कातड्यांची भर, आतल्या बाजूने शिंपल्याने कोरलेल्या त्याच्या मुलखाच्या आणि कुळाच्या खुणा, आणि शेवटी त्यातच गुंडाळून दफन. मिशनने आणि सरकारने त्याऐवजी घोंगड्या वाटल्या. घोंगडी पावसात भिजते, पॉसमचे कातडे भिजत नाही. या एका बदलाने छातीच्या विकारांनी किती माणसे दगावली असतील याची कल्पनाच केलेली बरी. जुनी पांघरुणे बोटांवर मोजण्याइतकी उरली. त्यांपैकी दोन, १८५३ चे इचुकाकडील आणि १८७२ चे लेक काँडाहचे, मेलबर्नच्या संग्रहालयात आहेत. १९९९ साली व्हिकी कझन्स, डेब्रा कझन्स, ली डॅरॉक आणि ट्रीना हॅम या चौघीजणी ती पाहावयास गेल्या. ती ज्यांची, त्या पूर्वजांच्याच त्या वंशज. त्यांनी टाके मोजले, खुणा टिपल्या, आणि दोन्ही पांघरुणे नव्याने घडविली. २००६ साली मेलबर्नला राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा भरल्या तेव्हा उद्घाटनाच्या वेळी अनेक समाजांचे वडीलधारे आपापल्या मुलखाच्या खुणा कोरलेली नवी पांघरुणे अंगावर घेऊन आले होते.

त्या कातड्यांची गोष्ट विलक्षण आहे. ऑस्ट्रेलियात आता पॉसमला कायद्याने संरक्षण आहे, त्याला मारता येत नाही. म्हणून कातडी येतात न्यूझीलंडहून, जेथे एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांनी केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी हाच प्राणी ऑस्ट्रेलियातून नेऊन सोडला आणि जेथे तो आज अरण्ये फस्त करणारा उपद्रव मानला जातो. शिंपल्याऐवजी लाकडावर नक्षी जाळणारी विजेची सळई वापरतात, तातेऐवजी मेण लावलेला दोरा. शुद्धतेचे जे भोक्ते आहेत त्यांना हे खटकते. किम्बर्लीच्या काचेच्या टोकांकडे पाहिलेल्या माणसाला ते खटकू नये.

संग्रहालयांविषयी दोन शब्द, आणि ते मी आखडते घेतो, कारण त्या विषयावर सात्त्विक संताप करणे हल्ली फार सोपे झाले आहे. १७७० साली कप्तान कुकच्या मंडळींनी बॉटनी बे, म्हणजे तेथील भाषेत कामे, येथील झोपड्यांतून चाळीसएक भाले उचलून नेले. त्यांतले चार केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात उरले, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये ते ला पेरूझ येथील वंशजांना कायमचे परत दिले गेले. अडीचशे वर्षे काचेआड राहिलेला भाला भाला उरतो की नाही, हा प्रश्न मला पडतो; पण त्याच काचेआड राहिल्यामुळे त्या चार बायकांना लेक काँडाहचे पांघरूण पाहता आले, हेही मला नाकारता येत नाही. आणि २०२२ च्या मे महिन्यात, न्यूयॉर्कमधील लिलावात, विल्यम बराकने स्वतः चितारलेले एक चित्र आणि स्वतः घडविलेली एक ढाल वुरुंजेरींनी वर्गणी गोळा करून आणि प्रांतिक सरकारची मदत घेऊन विकत घेतली. ज्या बराकने दगड न विचारता नेणाऱ्यांची गोष्ट सांगितली, त्याच्याच हातची वस्तू त्याच्या वंशजांना हातोडा पडण्याची वाट पाहत विकत घ्यावी लागली.

माउंट विल्यमची खाण २०१२ साली वुरुंजेरींच्या ताब्यात परत आली. मी मेलबर्नला असूनही ती पाहिलेली नाही. तेथे त्यांच्या संमतीशिवाय जाता येत नाही, आणि मी संमती मागितली नाही. कोणत्या नात्याने मागावी हे मला सुचले नाही. माझा नातू मात्र शाळेच्या सहलीबरोबर जाऊन आला. रात्री जेवताना त्याने वुरुंजेरी मार्गदर्शकाने काय काय दाखविले ते हातवारे करून सांगितले: दगडावर दगड कोणत्या बाजूने मारावयाचा, कपची कोणीकडे उडते, खड्ड्याच्या काठावर का बसावयाचे नाही. मी त्याला विचारले, एखादी कपची आणलीस का? तेथे तर लक्षावधी पडलेल्या असतील.

त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी पानात वाढलेले उष्टे त्याच्या ताटात टाकले आहे. मग उभा राहून त्याने विजारीचे दोन्ही खिसे उलटे करून दाखविले. त्यांतून थोडी लाल माती सांडली. ती तेवढी त्याच्या आजीने केरसुणीने गोळा केली.